मॉडिफाइड क्लास

अबुधाबीबाहेरच्या मातीच्या ट्रॅकवर रणजित मॉडिफाइड क्लासमध्ये उतरायचा. इंजिन वाढवलेल्या, सगळ्यात वेगवान गाड्यांचा तो क्लास. गेल्या महिन्यात त्याची गाडी उलटली आणि तो थोडक्यात वाचला, तेव्हा बायकोने, सुरुचीने निक्षून सांगितलं, "आता खलास. पोरीकडे बघ." त्याने मुकाट्याने रेसिंग सोडलं.

गाडी दुरुस्त होऊन उभीच होती. सुरुचीचा धाकटा भाऊ दर्शन तिकडेच रुवैस गावात नोकरीला होता आणि साध्या गाड्यांच्या स्टॉक क्लासमध्ये पळायचा. तो म्हणाला, "दाजी, सीझनची शेवटची रेस तुमच्या गाडीने मी मारतो." रणजितने सुरुचीकडे पाहिलं. नवरा सुटला यातच तिला सगळं मिळालं होतं, ती काही बोलली नाही.

आज दुसऱ्याच वळणावर दर्शनचा ताबा सुटला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर "सॉरी" म्हणून आत वळले, तेवढ्यात सुरुचीला साताऱ्याहून आईचा फोन आला.

"सुरू, रणजितरावांनी ती गाडी सोडली म्हणे. दर्शननेच काल सांगितलं, म्हणाला, आता निवांत झोप. माझा तर जीव भांड्यात पडला बघ."