प्लेटवरचा चरा

"पुन्हा काढा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि फिल्म परत सरकवली.

एक्स-रेवाल्या काकांनी ती उजेडात धरली. उजव्या फुफ्फुसावर, वरच्या अंगाला, तोच पांढरा ठिपका. सकाळपासून जो येईल त्याच्या छातीत तोच, त्याच जागी. "प्लेटवर चरा पडलाय, मॅडम. सगळं गाव एकाच जागी आजारी पडेल का?"

"प्लेट तपासून झालीय. तुमचंच लक्ष नसतं हल्ली. आज हे निस्तरलं नाही, तर उद्यापासून केसपेपरच्या खिडकीवर बसा."

काकांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उभी हयात "श्वास घ्या, रोखा, सोडा" म्हणण्यात गेली, आणि आता खिडकीवर! वर पेशंटच्या अंगावर दुसऱ्यांदा फुकटची किरणं, त्याचं कुणाला काही नाही. चिडल्यावर त्यांना खोकल्याची उबळ आली. गेले बरेच दिवस ती येतच होती. बायको मागे लागली होती, एकदा दाखवून घ्या म्हणून. "अगं, दिवसभर लोकांच्या छात्या बघतो मी. माझी मला कळणार नाही?" असं म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं होतं.

दुपारी मशीनच्या कंपनीचा माणूस आला. त्याने प्लेट पुसली, तिरपी धरून पाहिली, खांदे उडवले. "पाण्याची बादली ठेवून फोटो काढू, काका. त्यात ठिपका आला, तर दोष प्लेटचा."

"बादली दाखवली तर मॅडम मलाच वेड्यात काढतील! माणसाची छाती पाहिजे. ठणठणीत. माझीच काढा."

"अहो, उगाच कशाला किरणं घेता अंगावर?"

"तुम्ही बटण दाबा हो!"

शर्ट काढून काका प्लेटला छाती टेकवून उभे राहिले. श्वास रोखताना खोकला कसाबसा दाबला. पडद्यावर फोटो उमटला. ठिपका होता. सकाळपेक्षा जरा मोठाच होता. काकांना कोण आनंद झाला. "बघा, वाढतोय चरा! बोलवा मॅडमना!"

मॅडम आल्या. त्यांनी फोटो पाहिला, कपाळाला आठी घातली. "प्लेट उलटी, वरची बाजू खाली करून लावा आणि अजून एक काढा. खरंच चरा असेल, तर ठिपका खाली जाईल."

काकांनी स्वतःच्या हाताने प्लेट उलटी केली आणि पुन्हा उभे राहिले. मग तिघेही पडद्यासमोर आले. ठिपका खाली गेला होता, पार दुसऱ्या टोकाला.

काकांनी चक्क टाळी वाजवली. "गेला की नाही? म्हणा आता, मॅडम! चूक माझी नव्हती!"

"चूक तुमची नव्हती, काका," मॅडम हळूच म्हणाल्या. पण त्या खालच्या ठिपक्याकडे बघतच नव्हत्या.

काकांनी त्यांच्या नजरेमागे नजर नेली. वर, जुन्या जागी, अजून काहीतरी पांढरं होतं. कडा पुसट होत्या. चऱ्याच्या कडा अशा नसतात, हे काकांना कुणी सांगायला नको होतं. असे फोटो त्यांनी ढिगाने काढले होते.

मग काका मुकाट्याने प्लेटला छाती टेकवून उभे राहिले.

"पुन्हा काढा," ते म्हणाले.