सात पॉइंट चार

"डाक्टर काय बोलला थे इथीच सोड. घरी म्हणजो, जागा भरल्या. उद्या बायको आली तरी तिलेही सांगजो नोको."

रेल्वे भरतीच्या मेडिकल तपासणीतून परत येताना नागभीडच्या फलाटावर बापाने हे सांगितलं, तेव्हा श्रावण वीस वर्षांचा होता. आज पंचेचाळीसचा आहे. बाप गेला, आवाज नाही गेला. रोज सकाळी परसातल्या पोहायच्या टँकच्या काठावर उकिडवं बसून काचेची नळी उन्हाकडे धरली, की तो कानाशी येतो.

आजही आला. नळीत टँकचं पाणी आणि औषधाचे पाच थेंब. मांडीवर कार्ड, कार्डावर पाच चौकोन. चंद्रपूरच्या दुकानदाराने नीट समजावलं होतं. पिवळं म्हणजे पाणी आंबट झालं, सोडा टाका. गुलाबी म्हणजे उलटं, एक मग ॲसिड टाका. मधला नारंगी आला की सात पॉइंट चार, मग हात लावू नका.

श्रावणला पाचही चौकोन एकाच वावरातल्या मातीचे दिसत. कुठे वाळलेली, कुठे जरा ओली.

"सात पॉइंट चार," तो मोठ्याने म्हणाला. दीड महिना तो हेच म्हणत होता, आणि दिवसाआड एक मग ॲसिड ओतत होता. रंग सोडले तर दुकानदाराच्या बोलण्यातलं सात पॉइंट चार आणि एक मग, एवढंच त्याला धरता आलं होतं.

पराटीचं, कपाशीचं वावर चार ओळी मागे सारून हा टँक त्याने भाऊबंदांच्या हाताने खोदला होता. रिनासाठी. सतरा वर्षांची पोरगी सकाळ-संध्याकाळ त्यात मासोळीसारखी फिरायची. उद्या चंद्रपूरला तिची पोहण्याची निवड चाचणी. निवड झाली की पुणं, तिथलं वसतिगृह.

रिना पाण्याबाहेर आली ती डोळे मिटूनच. चाचपडत शिडी धरली, तर गंजाचा पोपडा तिच्या मुठीत आला.

"माय व, डोळे उघडतच नाई!"

रुखमा हातातलं भांडं टाकून धावली. लेकीला पायरीवर बसवलं, घागरीतल्या पाण्याने तिचे डोळे धुतले, पापणी वर करून पाहिली.

"लाल इंगळ झाला व बाई डोळ्याचा. चोळू नोको, चोळू नोको." ओला पदर लेकीच्या डोळ्यांवर ठेवून ती नवऱ्याकडे वळली. "पाणी कसं हाय?"

"ठीक हाय. सात पॉइंट चार."

"ठीक हाय म्हणे! पोट्टीचे डोळे सुजले, पोहाचा कपडा विटला, शिडी सडली. मांजर पाण्याचा वास घेऊन पळते. अन् तुमचं आपलं सात पॉइंट चार! पोथी वाचून राह्यले का?"

"तुले काय समजते त्यातलं?"

तो ॲसिडचा मग घेऊन उठला. रुखमाने मनगटच धरलं. मग हिंदकळला, थेंब फरशीवर पडले आणि फरशी फसफसली. दोघंही क्षणभर त्या फेसाकडे पाहत राहिले.

"आणा थे नळी इकडं."

तिने नळी ओढून घेतली, उन्हात धरली, कार्ड शेजारी लावलं. आजवर तिने नळी-कार्डाच्या त्या डब्याला हात लावला नव्हता. तो त्याचा होता, दाढीच्या सामानासारखा.

"हे पिवळं हाय."

"नारंगी हाय."

"निंबासारखं पिवळं हाय! हे पाहा, सगळ्यात खालचा चौकोन. सहा पॉइंट आठ लिहिलं हाय इथी. त्याच्या खाली तर कार्डच सरलं."

"नारंगी हाय म्हटलं ना."

"काऊन असं करता? पोरसोराले दिसते थे तुमाले काऊन दिसत नाई?"

श्रावण टँककडे पाहू लागला. तो गप्प बसला की रुखमाचा जीव नुसता उकळायचा. वीस-बावीस वर्षं उकळत आला होता. बाजारातून कच्चे टमाटर आणले तरी हा गप्प, पोळ्याला बैलाची शिंगं भलत्याच रंगात रंगवली तरी गप्प. चुकलं म्हणायचं नाही, भांडायचंही नाही. भिंतीशी तरी किती बोलावं माणसाने?

पायरीवरून रिना बोलली. पदर डोळ्यांवर तसाच.

"बाबा, मी पुण्याले जाऊ नये म्हणून करून राह्यले का?"

रुखमाने नळी खाली घेतली.

"जेवताना म्हणले होते तुमी," रिना म्हणाली, "इतक्या दूर पोट्टीनं कायले जाव म्हणून. जाऊ नोको म्हणाचं होतं ना सरळ. मी आयकलं असतं. हे कायले केलं?"

तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच श्रावणला सोसवेना. त्याने मग फरशीवर ठेवला. फलाटावरचा आवाज कानाशी आला, नेहमीसारखा, जवळ.

"बोला ना!" रुखमा म्हणाली. "नाई म्हणा तिले. येवढं तरी म्हणा!"

"नाई."

"मंग दीड महिना खोटं काऊन बोलले?"

श्रावणने लेकीकडे पाहिलं. पदराखालून तिच्या गालावर पाणी ओघळत होतं. मग त्याने रुखमाकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे, नीट, खूप दिवसांनी.

"पोट्टीचा डोळा इंगळ झाला म्हणते तू," तो म्हणाला. "मले नाई दिसत थे. लगनाच्या दिवसापासून, रुखमा, तुह्या कपाळावरचं कुंकूही मले काळंच दिसते."