दोघांपैकी एकाची सही

हळदीकुंकवाला सगळ्याजणी मागे लागल्या, "विदुला, लग्नात घेतला होतास तोच उखाणा घे!" विदुला हसत उभी राहिली आणि तशीच थांबली. उखाणाच काय, तिला स्वतःचं लग्नच आठवत नव्हतं.

घरी येताच तिनं बँकेचं ॲप उघडलं. नवऱ्याच्या क्रेडिट कार्डाचं बिल त्यांच्या आठवणींच्या जोडखात्यातून भरलं गेलं होतं. वजा झालेली आठवण एकच: लग्न, विदुलाच्या वाट्याचं.

"मला न विचारता, पराग?"

"खात्याला दोघांपैकी एकाची सही पुरते," टीव्हीवरून नजर न काढता तो म्हणाला. "आणि मला आठवतंय की आपलं लग्न. एकाला आठवलं म्हणजे झालं."

तिनं बिल उघडलं. मोठा खर्च एकच होता. दिवेआगरचं हॉटेल, एक खोली, दोन माणसं.

"दिवेआगरला आपण कधी गेलो होतो?"

आता मात्र परागनं टीव्ही बंद केला. "गेल्याच महिन्यात नाही का गं! तीही आठवण बिलातच गेली असणार."

विदुलानं फोन त्याच्यासमोर धरला. खात्यातून वजा झालेली आठवण एकच होती.