सव्वादोनचा हात

भाविका घरतच्या दहाच्या दहा गोळ्या मधल्या गोलात लागल्या आणि ती सगळ्या तुकडीत पहिली आली. हे घडलेलं नाही. कागदावर नाही म्हणजे नाही. तेव्हा आपणही ते विसरू आणि सकाळी नऊपासून सुरुवात करू.

सकाळी नऊला, खारघरच्या डोंगराखाली फायरिंगच्या मैदानावर, भाविका दुसऱ्यांदा नापास झाली. तिसरी आणि शेवटची संधी दुपारी. जमलं तर शीघ्र कृती दल, नाही तर परत आवक-जावकचं टेबल, जिथं ती दोन वर्षं लोकांच्या अर्जांवर शिक्के मारत होती. नेम चुकत नव्हता. पिस्तुलाची मूठ इतकी जाड, की तिचं बोट जेमतेम चापाला टेकायचं. चाप ओढला की अख्खं पिस्तूल डावीकडे सरकायचं आणि गोळी शेजारच्या अश्विनच्या टार्गेटवर. अश्विनला दहापैकी तेरा मिळाले. प्रशिक्षक मधुकर साहेबांनी त्याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं.

"सर, मूठ मोठी पडते," भाविका म्हणाली.

"पिस्तूल सरकारी आहे. सगळ्यांना सारखंच. हात बसवायचा."

"बूट पण सरकारीच आहेत सर. मला पाच नंबर दिलाय."

साहेबांनी थोडा विचार केला. "बुटाचं परिपत्रक आहे."

भाविका थेट शस्त्रागारात गेली. तिथं हत्यारं दुरुस्त करायला शिवराम हवालदार. तीस वर्षं पोलिसात, पण घराणं कासाराचं. त्यांनी हात पुढे करायला सांगितला, अंगठा आत दुमडला, बोटांची मुळं दाबून पाहिली.

"बांगडी कितीची?"

"सव्वादोनची हाय, काका."

"मग ही अडीचची मूठ तुला कुणी भरली?"

भरली कुणीच नव्हती. कंपनी दर पिस्तुलाबरोबर मुठीच्या मागे बसवायला तीन तुकडे देते, जाड, मध्यम आणि बारीक. पिस्तुलं आली त्या दिवशी जे साहेब हजर होते त्यांचा पंजा मोठा होता, म्हणून सगळीकडे जाड तुकडा चढला. बाकीचे कुठे गेले ते कुणी सांगत नाही. एक बारीक मात्र शस्त्रागारातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली होता. शिवरामांनी तो ओढून काढला, फुंकला आणि पिन ठोकून बसवला. टेबल डुगडुगू लागलं.

दुपारी जे घडलं नाही ते सुरुवातीला सांगितलंच आहे. अश्विनला या खेपेला सहाच. त्याचा फॉर्म गेला, असं सर्वांचं मत पडलं.

मधुकर साहेब निकालावर सही करायला नेमके त्याच टेबलाशी बसले. सही हलली. त्यांनी वाकून खाली पाहिलं, मग शिवरामांकडे, मग पिस्तुलाकडे. तुकडा जिथं वापरात होता तिथला, म्हणजे टेबलाचा, असं त्यांनी ठरवलं. आणि पिस्तुलाला टेबल लावून मारलेल्या गोळ्या कुठल्या रकान्यात लिहिणार? निकाल थांबला. पण त्या दहा गोळ्या बघून त्यांनाही बरं वाटलं होतं, म्हणून आवाज खाली आणून म्हणाले, "अर्ज कर. मी वर पाठवतो."

अर्ज कसा लिहायचा हे भाविकाला शिकवायची गरज नव्हती. डुगडुगत्या टेबलावर डावं कोपर रोवून तिने एका दमात लिहिला. अक्षर जराही हललं नाही.

"विषय: अर्जदाराचा उजवा हात शासकीय पिस्तुलाच्या मापाचा करून मिळणेबाबत. महोदय, सदर हात वाढेपर्यंत शस्त्रागारातील टेबलाचा आखूड पाय एक बोट वाढवून मिळावा, जेणेकरून पिस्तुलाचा तुकडा पिस्तुलाकडे वर्ग करता येईल, ही नम्र विनंती."