धुरपताबाईचा गळ

“मासेबी आता बाईमाणसाचेच झाले,” भैयालाल मफलरमध्ये पुटपुटला. त्याला वाटलं, कुणी ऐकलं नाही. दोन हात अंतरावर बसलेल्या त्याच्या बायकोनं, धुरपताबाईनं, ऐकलं. तेवढ्यात तिच्या गळाची तरंगती मोरपिसाची काडी पाण्याखाली गेली. तिनं बांबू उचलला. तळहाताएवढा रोहू हवेत फडफडला.

सकाळपासूनचा तिचा हा पाचवा. नवऱ्याचा एकही नाही.

पौषाचा कडाका होता. शेताच्या कडेची त्यांची बोडी, म्हणजे छोटं तळं, वाफाळत होती. बांधाखाली, धान निघालेल्या खाचरांत लाखोरीचं पीक हिरवं झालं होतं. अशा दिवसांत मासा तळाशी सुस्त पडून राहतो. चारा जरा हालला की तोंड फिरवतो. “हिवाळ्यात गळ मुडद्यासारखा पडून राहिला पायजे,” हे भैयालालनंच तिला शिकवलं होतं. चोरखमाऱ्याच्या तलावातून त्यानं सात किलोचा कतला मासा काढला, त्याला वीस वर्षं झाली होती. ती गोष्ट गावात अजून चालायची, कारण तो स्वतःच ती चालवायचा.

एकतीस वर्षं धुरपताबाई मासे धरायला बांधावर फिरकली नव्हती. तुम्ही आणा, मी रांधते, एवढाच तिचा माशांशी संबंध. या दिवाळीनंतर मात्र एकदम म्हणाली, “मलेबी शिकवा नं जी.” भैयालाल फुलून गेला. आठवडाभर फुललेला होता. मग तिच्या गळाला मासे लागू लागले.

“भौजी, भाऊले रस्सा तरी देजो वो!” शेजारच्या शेतातला बिसराम शेकोटीपाशी हात शेकत हसला. भैयालाल हसला नाही.

“ऊठ. तुही जागा दे मले.”

ती उठली. त्याच्या जागेवर जाऊन बसली. सहावा मासा तिथं तिलाच लागला. मग त्यानं तिचा बांबू घेतला, आपला तिच्याकडे सरकवला. सातवाही तिलाच.

“माह्या गळाले मुद्दाम सडकं गांडूळ लावतस तू,” तो म्हणाला. दिवाळीपासून त्याच्याही गळाला चारा तीच लावायची, न मागता. आज त्यानं डबा हिसकून घेतला. गांडूळ तीनदा मातीत पडलं. चौथ्यांदा गळ त्याच्या बोटात रुतला. धुरपताबाईचा हात पुढं आला आणि अर्ध्यातच थांबला.

“थंडीच बेक्कार हाये या साली,” बिसराम घाईनं म्हणाला. त्यानं स्वेटर कधीच काढून मांडीवर ठेवला होता.

ऊन वर आलं. बोडीचं पाणी काचेसारखं झालं. धुरपताबाईची काडी त्यात खिळ्यासारखी उभी होती. भैयालालच्या काडीभोवती मात्र बारीक वर्तुळं उठत होती, एकामागून एक. जागा बदलली होती, बांबू बदलला होता. वर्तुळं त्याच्याच मागं आली होती. त्यानं ती पाहिली. लगेच नजर बायकोच्या टोपलीकडं वळवली. तिच्यावर चिडणं सोपं होतं.

तिची काडी पुन्हा बुडाली. या खेपेला बांबू चांगलाच वाकला. काहीतरी मोठं होतं.

“बस झालं!” भैयालाल तटकन उठला. बांधावरची माती दवानं ओली होती. त्याचा पाय सरकला. धुरपताबाईनं बांबू सोडून दिला आणि दोन्ही हातांनी त्याचा सदरा पकडला. इतक्या चटकन, की जणू ती सकाळपासून याच क्षणाची वाट पाहत होती. बांबू माशासकट पाण्यात ओढला गेला.

“सोड मले! उद्यापासून तू येऊ नको. बोडी माह्या बापानं खोदली. मी एकटाच येईन.”

बिसराम मान खाली घालून शेकोटीतली लाकडं सरकवू लागला. घरी सून डिंपल भैयालालला अर्धाच ग्लास चहा द्यायची, तेव्हा तीही अशीच भलतीकडं पाहायची.

धुरपताबाईनं सदरा सोडला नाही.

“थंडीनं नाही हालत जी तुमचा हात,” ती म्हणाली. “पोळ्याले बैलाचं शिंग रंगवतानीच हालत होता. एकटे पाण्यात पडाल, म्हणून मी गळ शिकली.”