तीसचा फ्यूज

"फ्यूज पुन्हा गेला," असं म्हणत रेवणप्पा गाडीतून उतरला.

नागप्पानं मान वर केली. मुखेडच्या बाजारात त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मधे पडदा. रेवणप्पा त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत नागप्पा त्याला 'दाजी' म्हणायचा. आता म्हणाला, "या पाव्हणं. कुठं गेला?"

"जांबापाशी. गाण्याचा आवाज जरा वाढवला की मशीन गप."

"मागच्या बारीला शिरूरपर्यंत चालला होता."

"अन् त्याच्या आधी चाकूरपर्यंत."

एकूण दुखणं वाढत चाललं होतं. नागप्पानं सीटखालचा अ‍ॅम्प्लिफायर बाहेर ओढला आणि मांडी घालून बसला.

लातुरात असल्या कामाची दुकानं पैशाला पासरी. तरी रेवणप्पा बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या फ्यूजसाठी मुखेड गाठायचा. दोस्तांनी छेडलं, तर सांगायचा, "मशीन नागप्पाअण्णानंच बसवलंय, त्यालाच कळणार." दोस्त गालातल्या गालात हसायचे. पडद्यामागं रेवणप्पाची बायको आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं?

शिवगंगा माहेरी गेली ती पाण्यावरून. लातूरला तेव्हा रेल्वेनं पाणी येत होतं. तिनं टँकरच्या रांगेत ताटकळून दोन घागरी आणल्या, आणि नवं मशीन बसवून गाडी घरी आली म्हणून या शहाण्यानं त्याच पाण्यानं गाडी धुतली. ती भांडलीसुद्धा नाही. पिशवी भरली, "आता गाडीलाच नांदवा," एवढं बोलली आणि मुखेडची एसटी धरली.

रुसून गेलेल्या बायकोला आणायला जायचं, तर तिच्या माहेराहून सांगावा यावा लागतो. त्याशिवाय जावयानं तो उंबरा चढायचा नसतो. सांगावा काही येईना. आपणहून जावं, तर बोलायचं काय? अशात लातुरातच पहिला फ्यूज उडाला, आणि रेवणप्पाला चक्क हायसं वाटलं. गिऱ्हाइकाला कोण अडवणार? त्या खेपेला एक वायर सोललेली निघाली, ती नागप्पानं टेपनं गुंडाळून टाकली. त्यानंतर मात्र काही केल्या दोष सापडेना.

आजही नागप्पानं वायरी चाचपल्या, अर्थिंग घासून पुन्हा आवळलं, स्पीकर सोडवून पाहिले. बोलणं मात्र भलतीकडचंच चाललं होतं.

"उदगीर जिल्हा झाला की मुखेड तिकडं जानार म्हंतेत."

"जाऊ द्या की. बोअरला पानी हाय का पन?"

"हाय थोडं. वापरनाऱ्याला अक्कल पायजे."

रेवणप्पानं खाली पाहिलं. मग विषय बदलत म्हणाला, "अण्णा, तीस अँपिअरच्या जागी चाळीसचा घालून बघू का?"

"न्हाई. मशीन जळंल. तीसच्या जागी तीसच." नागप्पाला जवळचं नीट दिसत नसे आणि चष्मा कायम कपाळावर. त्यानं पडद्याकडं तोंड करून हाक दिली, "गंगे, तीसचा एक दे गं."

रेवणप्पा इतक्या लांबून यायचा तो याच घटकेसाठी. पडदा हलायचा, हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर यायचा, स्टुलावर फ्यूज ठेवायचा आणि आत जायचा. तोंड दिसायचं नाही, शब्द ऐकू यायचा नाही. त्या हातावर रेवणप्पाचे पुढचे आठ दिवस निघायचे.

आज मात्र त्याला राहवेना. दोन महिने तो रिकाम्या घरात कुलूप काढून शिरत होता. ज्या गाडीसाठी बायको घालवली, तिच्याकडं पाहावंसंही वाटत नव्हतं. शिवगंगा घरी यावी, आल्यावर हवं तेवढं बोलून घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं. तो नागप्पाशी बोलला, पण आवाज पडद्यापलीकडं जाईल इतका चढवून.

"अण्णा, ही शेवटची खेप. आता गेला तर मशीन विकून टाकतो. मी काई पुन्हा येत न्हाई."

आतली भांड्यांची खडखड थांबली. हात यायला आज उशीर लागला. पण आला, फ्यूज ठेवला, गेला.

नागप्पानं तो चाचपडत बसवला, बारीक आवाजात गाणं लावून पाहिलं. "झालं. जा आता."

रेवणप्पानं पडद्याकडं एकदा पाहिलं आणि गाडी काढली. बाजार मागं पडला, वेस आली. त्यानं आवाज जरासा वाढवला आणि मशीन गप झालं.

गाडी कडेला घेऊन तो बसून राहिला. दुकान हाकेच्या अंतरावर होतं. परत फिरावं असं फार वाटलं, पण शेवटची खेप असं आपल्याच तोंडानं बोलून बसला होता. तिनं ते ऐकलं होतं आणि तरी नुसतं 'थांबा' म्हणाली नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बास झालं, असं मनाशी म्हणून त्यानं गाडी पुढं दामटली.

जांबला लग्नकार्यात साउंड लावणारा रामकिशन त्याच्या ओळखीचा होता. त्यानं मशीन उघडून सगळीकडून तपासलं.

"एक नंबर माल हाय. इकता कशाला?"

"फ्यूजच टिकत न्हाई."

"जळलेला असंल तर दावा बरं."

रेवणप्पानं खिशातून रुमाल काढून सोडला. तिच्या हातचे म्हणून त्यानं एकही फ्यूज टाकला नव्हता.

कुठला कुठं उडाला ते रेवणप्पा सांगू लागला, तसा रामकिशननं एकेक उचलून उन्हात धरला आणि त्याच्या धातूच्या टोपीवरचा बारीक आकडा वाचत गेला.

"तीसच्या मशीनला हे काय घालून राहिले तुमी? चाकूरला गेला तो कोन्ता, हा? हा वीसचा हाय. शिरूरचा पंधराचा. हितं जांबात गेला तो दहाचा." मग त्यानं शेवटचा उचलला. "अन् ह्यो?"

"आत्ताचा. वेशीतला."

रामकिशननं तो डोळ्याजवळ नेला आणि खो खो हसत सुटला. "अवो, पाचचा! असला घालून तुमी मुखेडाच्या भाएर तरी कसे पडले?"