दरीतलं धुकं

“उजवं!” झेंझीचा आवाज कानात आला, पण उशिरा आला. तोवर वळणावरच्या झेंड्याची काठी बुर्गीच्या खांद्यावर फाडकन बसली होती.

शर्यतीच्या आधीची ही सरावाची फेरी होती. बुर्गीला लहानपणापासून दिसत नाही. धाकटी बहीण झेंझी स्कीवरून पुढे घसरत जाते, हेल्मेटमधल्या यंत्रातून वळणं सांगते आणि तिच्या आवाजामागं बुर्गी मोटारीच्या वेगानं डोंगर उतरते. अख्ख्या टिरोल प्रांतात या दोघींना तोड नव्हती. घरातल्या फळीवर सगळे चषक होते, मोसमभराच्या विजेत्यांना मिळणारा मोठा स्फटिकाचा तेवढा नव्हता. आज नीट उतरलं की तोही येणार होता. मग बुर्गी स्की कायमच्या खुंटीला टांगणार होती.

“झोप झाली नाही का ग?” तिनं विचारलं.

“झाली की! तूच म्हातारी झालीस, ताई. कान गेले तुझे.”

बुर्गीचे कान चांगले शाबूत होते. सकाळी न्याहारीला झेंझीची बोटं टेबलावरून चाचपडत मुरंब्याच्या बरणीकडे गेली होती आणि वाटेत दुधाचा पेला कलंडला होता. नंतर मार्गाची पाहणी झाली. पाहणीत वळणं सगळेच लक्षात ठेवतात, पण झेंझी ती पाढ्यांसारखी घोकत होती.

टेबलावर अशी बोटं फिरायची ती त्यांच्या वडिलांची. ते उतारावरचा बर्फ सपाट करायचं यंत्र चालवायचे. नजर जायला लागली त्या हिवाळ्यात ते रोज जेवताना दरीतल्या धुक्याला शिव्या घालायचे. आई मुकाट उठून खिडकीची काच पुसायची. कोणी ब्र काढला नाही. फेब्रुवारीत त्यांनी यंत्र थेट ओढ्यात घातलं. जीव वाचला, पाय गेला. रोग रक्तातलाच होता, बुर्गीला तो लहानपणीच लागला. झेंझी तेवढी सुटली, असं सगळे धरून चालले होते.

शर्यतीसाठी दोघी पुन्हा वर पोचल्या. बुर्गीचा हात नेहमीसारखा झेंझीच्या कोपरावर होता. तो सोडवून झेंझी पुढे आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

“ऊन काय झकास पडलंय!” त्यांचा म्हातारा प्रशिक्षक आलोइस बुर्गीच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. “इथून दरीतल्या चर्चचं घड्याळ वाचता येतंय. आज चषक नाही आणलास तर घरी पायी पाठवीन, सांगून ठेवतो.”

बुर्गीच्या गालाला उन्हाचा चटका बसतच होता. तिनं हसून काठ्या बर्फात रोवल्या.

तेवढ्यात हेल्मेटमध्ये झेंझीचा आवाज आला. “ताई, आज जरा जपून हं. दरीत धुकं फार आहे.”

बुर्गीनं गाल पुन्हा उन्हाकडे वळवला. डोळे असणाऱ्यांना गालाकडे लक्ष द्यायची सवय नसते. पुढे अरुंद वाट होती, एका अंगाला झाडं, दुसऱ्या अंगाला कडा. आणि पुढे झेंझी होती. चुकलं तर आधी तीच आदळणार होती.

“तयार?” पंचानं विचारलं.

बुर्गीनं हात वर केला. “गुडघा गेला माझा. नाही उतरत.”

“अगं, वेडी का खुळी तू!” आलोइस ओरडला. “आत्ता तर धडधाकट होतीस! वर्षभर राबलो ते कशासाठी?”

बुर्गी खाली बसून स्की सोडू लागली. मोठा चषक आता कधीच येणार नव्हता. झेंझी चढ चढून धापा टाकत तिच्याजवळ आली.

“ताई, मी नेलं असतं ग तुला. धुक्यातूनही नेलं असतं.”

“माहीत आहे मला.”

बुर्गीनं चाचपून तिचा हात शोधला आणि आपल्या कोपरावर ठेवला.

“घट्ट धर. या धुक्यातून आता मी नेते तुला.”